माहीम : गेलेल्या वस्तू

जकातघर. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ साली मुंबईत आला. १६९८च्या त्याच्या पुस्तकात माहीम थोडक्यात उरकलंय : पोर्तुगिजांचं चर्च, इंग्रजांचं जकातघर नि चौकी, मुसलमानांच्या पिराची कबर. जकातघर गेलं. चर्च आहे, पण आजची इमारत १९७३ची. पीर मात्र जागचा हलला नाही. उरुसाला पहिली चादर अजून मुंबई पोलिसांची असते.

मासळीचं खत. माडांच्या मुळाशी मासळी घालत. ती कुजली की वास सुटे. १६८९ साली आलेल्या ऑव्हिंग्टन पाद्र्याने मुंबईच्या रोगट हवेचं खापर या खतावरही फोडलं. डासावर संशय जायला अजून दोनशे वर्षं होती. शहाळं पिताना पाद्रीबुवांनी तक्रार केली नसावी.

माड. दादरपासून माहीमपर्यंत वाड्याच वाड्या. भंडारी सकाळ-संध्याकाळ कमरेला कोयता लावून चढायचा. पोय, म्हणजे कोवळा फुलोरा, बांधायची, टोकाला छेद द्यायचा, माडी झिरपून मडक्यात. नुसतं चढणं कुणीही शिकेल. पोय न दुखवता रोज पातळ काप घेणं, ही खरी विद्या. सरकारच्या लेखी मात्र माड म्हणजे महसूल. १८७८चा अबकारी कायदा आला, झाडावरचा कर चढला. पुढे जमिनीलाच असा भाव आला की माड ठेवणं परवडेना. कोयते कुठे गेले, याची नोंद कोण ठेवणार?

वांद्र्याची होडी. इथे खाडी ओलांडायला दुसरा मार्ग नव्हता, नि पावसाळ्यात होड्या उलटत. जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. १८४५ साली पूल-रस्ता खुला झाला. होडीवाल्यांचं पोट गेलं, हे खरं. पण या यादीतली ही एकच वस्तू गेली ते बरं झालं. सरकारने वाटसरूंकडून टोल घ्यायचा नाही, अशी बाईंची अट सांगतात. शेजारच्या सागरी सेतूवर २००९पासून टोल आहे. बाईंच्या नावाचा ‘लेडी जमशेटजी’ रस्ता आता नुसता ‘एल. जे.’

माहीम पार्क. समुद्राकाठच्या माडांच्या त्याच पट्ट्यात १९२५ साली मैदान झालं, त्याचं हे नाव. दोनच वर्षं टिकलं. १९२७पासून शिवाजी पार्क.