महाद्वारापाशी

साने गुरुजींचे नाव निघाले की आमच्या शाळेत मुले डोळे पुसल्याचे सोंग करीत. 'श्यामची आई'तला धडा सुरू झाला की मागच्या बाकावरून खोटे हुंदके यायचे. मीही हसले आहे. गुरुजींवर आपण कधी काही लिहू असे त्या वेळी स्वप्नातही आले नसते.

आमचे गाव सांगोला तालुक्यात, आणि घर गावाबाहेरच्या वस्तीत. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. आजी विठ्ठलाची आणि आण्णा बाबासाहेबांचे. एकाच भिंतीवर दोन तसबिरी आहेत आणि त्यांच्याखाली बसून मायलेक भांडत असतात. आजीचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, वारकरी होते. गळ्यात माळ, दर आषाढीला पायी पंढरपूर. पण वारी संपायची ती महाद्वारासमोरच्या चोखोबाच्या समाधीपाशी. तिथे डोके टेकायचे, वर कळस बघायचा आणि माघारी फिरायचे. आजी हे सांगताना चिडत नाही. पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसे सांगते. मी मात्र पहिल्यांदा ऐकले तेव्हा जेवणावरून उठले होते.

गेल्या वर्षी आण्णा आणि मी या शहरात माझ्यासाठी खोली बघत होतो. एका घरावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. बाई फार गोड बोलल्या, पाणीही दिले. मग आडनाव विचारले. आण्णांनी सांगितले. त्या आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, खोली कालच गेली. पाटी काढायची राहिली बघा." पुढचा महिनाभर मी त्याच रस्त्याने कॉलेजला येत होते. पाटी तशीच होती.

त्याच महिन्यात ग्रंथालयात गुरुजींचे चरित्र हाती आले. खरे तर मी पंढरपूर शोधत होते. देऊळ उघडले ते साने गुरुजींमुळे, एवढे आजीच्या तोंडून ऐकले होते.

पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातल्या पालगडचा. १९२४ साली अमळनेरला शिक्षक झाले, वसतिगृहातल्या मुलांचे कंदीलसुद्धा पुसून ठेवीत. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. पुढची वर्षे धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशी तुरुंगांची. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ते गुरुजींनी उतरून घेतले, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्याला वाचायला मिळतात. इतके सगळे परीक्षेच्या उत्तरात बसते. पंढरपूर बसत नाही.

१९४७ चा मे महिना. इंग्रज जाणार हे उघड झाले होते. ज्याच्यासाठी तुरुंग भोगले ते स्वातंत्र्य तीन-साडेतीन महिन्यांवर आले होते. लोक सत्काराची तयारी करीत असतील. हा मनुष्य मात्र १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपाशी बसला. आधी कित्येक महिने महाराष्ट्रभर हिंडून सभा घेतल्या होत्या. खुद्द गांधीजींनी उपवास सोडावा असे कळवले, तरी ऐकले नाही. बडव्यांचा विरोध होता. शेवटी १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि उपवास सुटला. पांडुरंग नावाच्या माणसाने पांडुरंगाच्या दारासाठी प्राण पणाला लावला, हे वाचताना मला शाळेतले ते खोटे हुंदके आठवले आणि लाज वाटली.

सुट्टीत घरी गेल्यावर मी हे उत्साहाने आण्णांना सांगितले. ते बिडी विझवून म्हणाले, "आणि काळाराम?" मी गप्प. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० पासून आपलीच माणसे उभी राहिली. वर्षानुवर्षे उभी राहिली, मार खाल्ला, दार उघडले नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याचेच जाहीर केले. "आपण पाच वर्षं उभं राहून जे झालं नाही, ते बामनाच्या पोरानं दहा दिवस उपाशी राहून झालं. ह्यात आनंद कसला मानायचा?"

हा प्रश्न मला अजून सोडत नाही. गुरुजींवर त्यामुळे राग येत नाही. राग येतो तो दारावर. माझ्यापुरते एवढे कळले आहे की गुरुजींचा उपवास आबांसाठी नव्हताच. आबा तर चोखोबापाशी समाधानी होते. तो दार लावणाऱ्यांसाठी होता. त्यांना गुरुजींच्या मरणाची लाज वाटेल, असा गुरुजींना त्यांच्याविषयी विश्वास होता. आणि पंढरपूरचे बडवे 'नाही' म्हणत होते ते निदान तोंडावर म्हणत होते. खोलीवाल्या बाईंनी मला पाणी दिले. त्यांच्या दारात बसून मी उपवास कशासाठी करणार? त्या 'नाही' म्हणाल्याच नाहीत. गुरुजी असते तर काय केले असते, असे मनात येते. पण ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जगाचा निरोप घेतला. नव्या स्वराज्यात त्यांना काय दिसले असेल, याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

मंदिर उघडल्यावरही आबा दोन वर्षे आत गेले नव्हते. चोखोबाला बाहेर ठेवून आत कसे जायचे, म्हणत. तिसऱ्या वर्षी गेले. घरी आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, आणि मग आजीच्या आईला म्हणाले, "देव ल्हान हाय गं. मला वाटलं हुतं, लई मोठा असंल."

या दिवाळीनंतर मी आजीला घेऊन पंढरपूरला गेले. आण्णांनी एस.टी.चे पैसे दिले, पण आले नाहीत. चोखोबाच्या समाधीपाशी आजी इतका वेळ बसली की मागची माणसे कुरकुरू लागली. मग तीन तास रांग. गाभाऱ्यात पायांवर डोके टेकवायला एक क्षण मिळतो, तेवढ्यात सेवेकरी पुढे सरकवतात. बाहेर आल्यावर मी विचारले, "आजी, पाहिलास का नीट?"

पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "पाहिला की. आबा म्हनायचे तेवढाच हाय."