दोन आकडी साल आणि शुक्रवारची यादी

आमच्या मंडळाची ज्येष्ठांची यादी गेली काही वर्षे संगणकावर आहे. दर शुक्रवारी सकाळी, शब्बाथच्या स्वयंपाकाची गडबड सुरू व्हायच्या आत, आम्ही चार-पाच जण ती छापून घेतो आणि सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या मंडळींना फोन करतो. तब्येत कशी आहे, औषधं आणली का, उन्हाळा असला तर पाणी पिता का, सायरन वाजला तर आसऱ्याच्या खोलीपर्यंत पोचता येतं का, एवढंच विचारतो. कधी कधी नुसत्याच गप्पा होतात, आणि खरं सांगायचं तर पुष्कळांना त्याच हव्या असतात.

ही यादी ज्या प्रकारच्या प्रोग्राममधून निघते त्याला 'बिझनेस इंटेलिजन्स' म्हणतात. बालमित्रांनो, नाव भारदस्त असलं तरी काम समजायला सोपं आहे. एका बाजूला नावं, पत्ते, जन्मतारखा लिहिलेली मोठी वही असते. प्रोग्राम ती वाचतो, आपण सांगू तसा गाळतो, मोजतो आणि तक्ता काढून देतो. दुकानदार त्यातून कुठला माल खपला ते बघतो. आमच्याकडे धंदा नाही, आम्ही कोणाला फोन करायचा ते बघतो.

या प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवली आणि पहिल्याच शुक्रवारी यादी आखूड निघाली. पडद्यावर एकही तक्रार नाही, लाल अक्षर नाही. उलट तक्ता पूर्वीपेक्षा देखणा, रंगीत. यंत्र बिघडलं तर निदान आवाज तरी करतं. इथे सगळं सुरळीत चाललेलं दिसत होतं. दुपारी एका आजींचाच आम्हाला फोन आला, "काय रे बाळांनो, मी गेले असं कळलं की काय तुम्हाला?"

मग आम्ही जुनी छापील यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून एकेक नाव टिपलं. यादीत उरलं कोण? एक तर सत्तरी नुकतीच ओलांडलेली मंडळी, म्हणजे आमच्या आजी-आजोबांच्या हिशेबी 'पोरं'. आणि दुसरे, नव्वदीच्या पुढे खूप गेलेले दोघे-तिघे, १९२८-२९ सालचे. मधले सगळे गायब! वयानं जास्त ते राहिले, कमी ते राहिले, आणि मधल्यांनाच गाळणीनं अडवलं, हे कोडं काही सुटेना.

गाळणी काढून पूर्ण वही उघडली तेव्हा उलगडा झाला. वयाच्या रकान्यात त्या आजींच्या नावापुढे उणे वीस-बावीस वर्षं लिहिलेली होती. आमच्यातला एक लहान नातू मोठ्यानं म्हणाला, "म्हणजे आजी अजून जन्मायच्या आहेत!" आणि संगणकाचं म्हणणं नेमकं तेच होतं.

झालं होतं ते असं. जुन्या कागदी वहीतून नोंदी उतरल्या तेव्हा साल दोनच आकडी होतं : ४१, ४४, ४७. माणूस वाचताना १९४७ समजतो. संगणकाला मात्र शतक कोणतं ते ठरवावं लागतं, म्हणून त्याच्यात एक सीमा आखलेली असते. एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये पूर्वापार नियम असा की ०० ते २९ हे २००० नंतरचं, आणि ३० ते ९९ हे १९०० नंतरचं. आमचा जुना प्रोग्रामही असाच वागे. त्यामुळे १९३० च्या आधी जन्मलेल्यांची सालं पहिल्यापासून चार आकड्यांत लिहावी लागली होती. नव्या आवृत्तीत ही सीमा सरकून ४९ वर आली. झालं, १९३० ते १९४९ मध्ये जन्मलेले सगळे एका रात्रीत २०३० ते २०४९ मध्ये गेले. बोटीनं हैफाला उतरलेली, तंबूत आणि पत्र्याच्या माबारात दिवस काढलेली हीच तर पिढी!

शोधता शोधता दुसरीही एक भानगड सापडली. नवी आवृत्ती बसताना तारखेची पद्धत अमेरिकन झाली होती, म्हणजे महिना आधी, दिवस नंतर. आपल्याकडे काय किंवा इथे इस्राएलात काय, दिवस आधी. २५/८ लिहिलं तर पंचविसावा महिना नाही म्हणून संगणक अडतो आणि चूक दिसते. पण ५/८ लिहिलं तर तो मुकाट्यानं ५ ऑगस्टचा ८ मे करतो. म्हणून चूक शोधताना बाराच्या वरचे दिवस आधी बघावेत. ते बोलके असतात.

उपाय दोन केले. पहिला तात्पुरता : जन्मतारीख आजच्या पुढची निघाली तर शंभर वर्षं मागे न्यायची, असा एक नियम प्रोग्राममध्ये घातला. शुक्रवारची यादी त्यानं भरली. पण हा नियम पुरा नाही. एखाद्याचं १९२४ साल '२४' असं लिहिलेलं राहिलं असेल तर संगणक त्याला २०२४ चं तान्हं बाळ समजेल, आणि तारीख पुढची नसल्यानं नियमाला पत्ताही लागणार नाही. म्हणून दुसरा उपाय, मेहनतीचा : प्रत्येक साल चार आकड्यांत लिहून काढायचं.

ते काम आम्ही मुलांना दिलं. ती घरोघर गेली, आणि तिथे प्रोग्रामच्या पलीकडची मौज झाली. एका आजोबांनी साल सांगितलंच नाही. म्हणाले, मुंबईच्या गोदीत स्फोट झाला तेव्हा मी आईच्या मांडीवर होतो. तो स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. पण त्यांच्या कागदावर साल वेगळंच. एका मावशींना इंग्रजी तारीख ठाऊकच नव्हती, "दारफाळणीच्या सणाच्या आदल्या दिवशी" एवढंच पाठ. योम किप्पूर तिश्रीच्या १० तारखेला ठरलेला, तेव्हा साल कळल्यावर मुलांनी कॅलेंडर बघून तारीख काढली.

कागदावरचं खरं धरायचं की घरातलं? यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी आम्ही दोन रकाने केले, 'कागदावरचं साल' आणि 'घरचं साल'. सरकारी कामाला पहिला, वाढदिवसाच्या फोनला दुसरा. प्रोग्राम असा हवा तसा वळवता येतो म्हणून तर तो घ्यायचा! रंगीत घड्याळासारखी चित्रं आम्ही काढून टाकली, अक्षर मोठं केलं, रकान्यांची नावं मराठीत दिली. हिब्रूत एकाच पेणकरांचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं असलं की ते दोन घरं मोजली जायची, तेही जुळवून घेतलं.

आता तक्त्याच्या सगळ्यात वर मोठ्या अक्षरात एकच ओळ येते : मागच्या शुक्रवारी किती नावं होती आणि आज किती आहेत. फरक पडला तर फोन लावायच्या आधी कारण शोधायचं. काही घरांची सालं अजून दोन आकडीच आहेत. मुलं तुमच्या दारी आली तर त्यांना आत बोलवा, आणि शतकासकट सांगा.