‘लकी कॅप्टन’

अजित वाडेकर हा नशीबवान कप्तान, असं मी कैक वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. हिशेब सोपा होता. १९७१ मध्ये वेस्ट इंडिजला आपण मालिका जिंकलो ती गावसकरच्या ७७४ आणि दिलीप सरदेसाईच्या ६४२ धावांमुळे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जिंकलो, कारण ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले. यात कप्तानाचं काय? त्याची निवडही विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर झालेली. कप्तान म्हणजे माझ्या लेखी पतौडी. एका डोळ्याची दृष्टी गेलेली, तरी कव्हर्समध्ये झेपावणारा. परदेशातली पहिली मालिकाही त्यानेच जिंकून दिली, १९६८ मध्ये न्यूझीलंडला. वाडेकर म्हणजे स्टेट बँकेतला मितभाषी साहेब.

मत फिरलं ते एका अनिर्णित सामन्याच्या तपशिलामुळे. १९७१ च्या दौऱ्यातली पहिली कसोटी किंग्स्टनला होती. पहिला दिवस पावसाने खाल्ला. मग आपले ७५ धावांत पाच गेले. तिथून सरदेसाई आणि एकनाथ सोलकरने डाव सावरला, सरदेसाईने २१२ काढल्या आणि आपण ३८७ पर्यंत पोचलो. वेस्ट इंडिज २१७ मध्ये आटोपले. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला २०० ची आघाडी लागते. पण पहिला दिवस पूर्ण वाया गेला तर सामना चार दिवसांचा धरतात आणि १५० पुरते. सोबर्सच्या हे ध्यानातच नव्हतं. वाडेकर त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि सांगून आला, पुन्हा फलंदाजीला या.

पुढे कन्हायने दीडशतक ठोकलं, सामना वाचला. धावफलक बघणाऱ्याला त्यात काही सापडत नाही. मलाही सापडलं नव्हतं. पण तोवर आपण वेस्ट इंडिजला एकाही कसोटीत हरवलेलं नव्हतं. त्या संघाने सोबर्सच्या संघाला परत पॅड बांधायला लावले आणि पुढचीच कसोटी, पोर्ट ऑफ स्पेनची, सात गडी राखून जिंकली. पाऊस पडला हे नशीब, कबूल. नियम पाठ होता, हे कसलं नशीब?

एकदा ही शंका शिरली की बाकीचा हिशेबही डळमळू लागतो. ज्या सरदेसाईच्या धावा मी वाडेकरच्या खात्यातून वजा करत होतो, त्याला संघात घ्या म्हणून आग्रह धरला होता वाडेकरनेच. पोर्ट ऑफ स्पेनला सलीम दुराणीच्या हाती चेंडू दिला तोही त्यानेच. दुराणीने सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि लॉईडलाही काढलं. लॉईडचा झेल खुद्द वाडेकरने टिपला.

ओव्हलची झोप तर मी वाडेकरच्या बेफिकिरीचा पुरावा म्हणून वापरत असे. शेवटच्या दिवशी सकाळी तो ४५ वर धावबाद झाला तेव्हा विजयाला अजून ९७ धावा हव्या होत्या. गडी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन चक्क झोपला. जिंकल्यावर त्याला उठवावं लागलं. (मी असतो तर नखं कुरतडून संपवली असती.) आज मला त्यात बेफिकिरी दिसत नाही. करायचं ते करून झालं होतं. आता काम सरदेसाई, विश्वनाथ आणि इंजिनिअरचं होतं आणि ते करतील याची त्याला खात्री होती. दुसऱ्याच्या कामात लुडबुड न करणं किती अवघड असतं, हे चार माणसं हाताखाली असलेल्या कुणालाही विचारा.

याचा अर्थ वाडेकरचं सगळंच बरोबर होतं असं नाही. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात आपण तिन्ही कसोट्या हरलो, लॉर्ड्सवर ४२ धावांत गुंडाळले गेलो, संघात धुसफूसही होती. तिथे तो शांतपणा काही उपयोगी पडला नाही. त्या दौऱ्यानंतर त्याची कसोटी कारकीर्द संपली, आणि आम्ही सगळ्यांनी दोषही त्यालाच दिला.

माझ्या हिशेबातली खरी लबाडी इथेच होती. ओव्हलवर इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं ते चंद्राने, आणि लॉर्ड्सवर ४२ मध्ये गडगडलो ते मात्र वाडेकरमुळे! ४२ त्याच्या नावावर लिहायचे असतील, तर १०१ सुद्धा लिहावे लागतील.