नाट्याचा चढ आणि गिअरची गाडी

राजापूरहून नाट्याला जाणारा रस्ता जांभ्याच्या सड्यावरून येतो आणि शेवटी समुद्राच्या अंगाला उतरतो. खाली जैतापूरची खाडी, तिच्या मुखाजवळ यशवंतगड, जवळच मुसाकाजी बंदर. चढ, उतार आणि वळणे यांमुळे चालकाच्या डाव्या हाताला व डाव्या पायाला इथे विसावा नसतो.

आमचे वडील मुंबईत टॅक्सी चालवीत. गाडी प्रीमियर पद्मिनी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच लागून. त्या टॅक्सीचे दिवस ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत संपले. पण वडिलांनी आम्हा भावंडांना गाडी शिकवली ती गावी, मे महिन्याच्या सुट्टीत, ओळखीच्या माणसाच्या जीपवर. त्यांचे धडे साधे होते. ज्या गिअरात चढ चढायचा, त्याच गिअरात तो उतरायचा. उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही. नुसत्या ब्रेकवर सोडली तर ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. चढावर थांबलात तर हँडब्रेक ओढा, क्लच हळूहळू सोडा, इंजिनाचा आवाज जड झाला की मगच हँडब्रेक सोडा.

पहिली शिकली आमची ताई. "पोरीच्या हाती गाडी कशाला?" असे वाडीत कुणी विचारले, तेव्हा वडिलांनी बाबासाहेबांची हकिकत सांगितली. १९०१ साली मसूर स्टेशनवर लहानग्या भीमरावाला व त्याच्या भावा-भाच्यांना गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे घेतले आणि गाडी मुलांनीच हाकायची असे ठरले. १९२९ साली चाळीसगावलाही तेच. टांगेवाला हाकायला तयार होईना, म्हणून आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. वडील म्हणाले, "म्हणून आपल्या माणसाला चाक धरता आलं पाहिजे, आणि नीट धरता आलं पाहिजे."

वडील रात्रपाळी करून येत, तेव्हा आईची कडव्या वालांची खिचडी झाकून ठेवलेली असे. गावी तर पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवीत.

कृती: एक वाटी मोड आलेले सोललेले वाल, दोन वाट्या धुतलेले तांदूळ, दोन बटाटे व दोन वांगी मोठ्या फोडी करून, दोन कांदे, आठ लसूण पाकळ्या, अर्धी वाटी ओले खोबरे, दोन चमचे घरचा मसाला, हळद, हिंग, मीठ, गुळाचा लहान खडा. तेलात हिंग, लसूण, कांदा परता. हळद, मसाला, वाल व भाज्या घालून एक वाफ काढा. तांदूळ परतून पाच वाट्या कढत पाणी, मीठ व गूळ घाला. पाणी आटू लागले की खोबरे पेरा, झाकण ठेवा, पातेल्याखाली तवा सरकवून मंद आचेवर पंधरा मिनिटे ठेवा. सोबत भाजलेली सुकट असावी. सहा माणसे पोटभर जेवतात.

आता क्लच नसलेल्या गाड्या आल्या आहेत. त्या जरूर चालवाव्यात. पण ट्रक, टेम्पो, एसटी यांवर रोजी कमवायची तर आजही बहुतेक ठिकाणी गिअर यावाच लागतो. घरात कुणाला तो येत असेल, तर त्याने सुट्टीत मुलांना शिकवावा, मुलींना तर आधी. शिकताना लायसन्स जवळ असावे आणि पोटात दारूचा थेंबही नसावा. पाचवे शील गाडीच्या चाकापाशीही पाळायचे असते.