झोंबक, करभ आणि दमसास

13व्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी हिशेबाचं खातं सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने गवयांच्या चुकांचाही हिशेब मांडून ठेवला आहे. ‘संगीतरत्नाकरा’च्या प्रकीर्णक अध्यायात गायकाचे 25 दोष नावानिशी दिले आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट. उंटासारखी मान वर काढणारा करभ. गाल भोपळ्यासारखे फुगवणारा तुंबकी, मान वाकडी करणारा वक्री आणि गाताना ज्याच्या चेहऱ्याच्या, गळ्याच्या शिरा टरारून फुगतात तो झोंबक. यादी वाचताना ओळखीचे चेहरे डोळ्यांपुढे येऊ लागतात. डोळे मिटून गाणाऱ्यालाही त्याने निमीलक म्हणून याच रांगेत बसवलं आहे. तो नियम आज लावायचा म्हटलं तर निम्मी व्यासपीठं रिकामी होतील.

शार्ङ्गदेवाचं घराणं मूळचं काश्मीरचं आणि वैद्यक जाणणारं. स्वरांची चर्चा सुरू करण्याआधी तो शरीर कसं घडतं हे सविस्तर सांगतो. त्यामुळे असेल, पण त्याने काढलेले बरेच दोष कानाआधी डोळ्यांना दिसतात. सूर बिघडण्याच्या आधी शरीरात काहीतरी आवळलं गेलेलं असतं, हे त्याला माहीत होतं.

आजच्या शिकवणीच्या खोलीत मात्र तक्रार वेगळ्याच शब्दांत येते: ‘श्वास पुरत नाही.’ आणि त्यावर विद्यार्थी स्वतःच उपाय शोधून काढतो. पुढच्या वेळी तो आणखी मोठा श्वास घेतो. खांदे वर, छाती पुढे, हनुवटी उचललेली. बहुतेक वेळा हा मोठा श्वास आधीच्यापेक्षाही लवकर संपतो.

यात गूढ काही नाही. शांत बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा आत घेतो. छाती पूर्ण भरून पूर्ण रिकामी केली तर साधारण तीन ते पाच लिटर हवा बाहेर पडते. म्हणजे साठ्याची टंचाई नाही. खर्चही मोठा नाही. नेहमीच्या बोलण्याला स्वरतंतूंच्या खाली पाण्याच्या पाच ते दहा सेंटिमीटर उंचीएवढा दाब पुरतो. पण फुप्फुसं गच्च भरली की ती फुगवलेल्या फुग्यासारखी आपण होऊन मिटू पाहतात आणि स्वर लावायच्या क्षणीच गरजेपेक्षा जास्त दाब वर येतो. हा लोंढा थोपवायचे मार्ग दोन. तयार गायक बरगड्या काही काळ उघड्या ठेवतो. श्वास आत घेणारे स्नायूच त्याचा बाहेर पडण्याचा वेग आवरतात. नवख्याला हे साधत नाही, म्हणून तो गळ्याचं दार आवळतो. स्वरतंतू एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्या मदतीला जिभेचं मूळ ताठतं, मग जबडा, मग मान. झोंबक तयार होतो तो असा.

‘पोटातून गा’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक गाणं शिकणाऱ्याने ऐकलेलं असतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणारा पोट दगडासारखं कडक करून बसतो. श्वासपटल हा छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू. श्वास घेताना तो खाली उतरतो आणि त्याला जागा द्यायला पोटाने पुढे, बाजूंनी, थोडं पाठीकडेही सैल व्हावं लागतं. पोट आवळलेलं असेल तर त्याला उतरायला वाव नाही. मग हवा वरच्या छातीत आणि खांद्यांत शोधावी लागते. म्हणून विद्यार्थ्याला सरळ उताणं झोपवून स्वस्थ श्वास घ्यायला लावणारे शिक्षक अर्धं काम तिथेच उरकतात. झोपलेल्या माणसाला खांदे उचलून श्वास घ्यायची गरजच वाटत नाही.

बसल्यावर मात्र सगळं परत येतं. आपली बैठक मांडीची. कंबर मागे ढिली पडली की पोट दबतं आणि खालच्या बरगड्या मिटतात. बुडाखाली एक घडी घातलेली चादर घेतली तरी फरक कळतो. त्यात पेटी. एका हाताने भाता, दुसऱ्याने सूर आणि नजर पट्ट्यांवर, या कसरतीत मान एका बाजूला झुकलेली राहते आणि विद्यार्थी तशाच मानेने वर्षानुवर्षं पलटे घोकतो. प्रस्तुत लेखिकेचं मत या बाबतीत कडक आहे: आवाज लावण्याच्या रियाजाला पेटी नको, तानपुरा हवा, आणि तोही सुरुवातीला दुसऱ्या कुणी छेडलेला किंवा यंत्रावरचा.

ताण नेमका कुठे लपला आहे, हे शोधायच्या युक्त्या साध्या आहेत. षड्ज लावून हनुवटीच्या मऊ भागाखाली अंगठा ठेवायचा. तिथे गोळा आला तर जीभ आवळली आहे. लांब सूर धरून मान हळूच डावीकडे-उजवीकडे फिरवायची. सूर डळमळला तर तो मानेच्या आधाराने उभा होता. ओठ फुरफुरवत, लहान मुलं मोटार चालवतात तशा आवाजात सरगम म्हणायची. गळा आवळला किंवा हवेचा ओघ तुटला की ओठ फुरफुरायचे थांबतात, त्यामुळे लबाडी चालत नाही. मोठ्या माणसांना हे करताना लाज वाटते. दार लावून करावं.

आरसा हाही जुना सोबती. मुद्रादोष जावा म्हणून आरशासमोर रियाज करायला आपल्याकडे सांगतातच. ऑस्ट्रेलियातल्या फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर या पाठांतरकाराचा आवाज कार्यक्रमात बसू लागला, तेव्हा त्यानेही आरशासमोर उभं राहून स्वतःला न्याहाळलं. पाठ म्हणायला सुरुवात करताना तो डोकं मागे खेचत होता, स्वरयंत्र खाली दाबत होता आणि तोंडाने धाप लागल्यासारखा श्वास ओढत होता. बोलण्याआधीच्या त्या एका क्षणावर त्याने पुढे आख्खी पद्धत उभारली.

आवाज मोडण्याचं भय मोठ्यांनाही चुकलेलं नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ तरुणपणी आमलेटा संस्थानात होते. तिथे अतोनात गाऊन त्यांचा आवाज बसला आणि पूर्वीचा गोडवा परत आला नाही. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली, आणि पुढे कोल्हापुरात व मुंबईत तीच शिकवली. त्यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांचा आकार ऐकावा. 1977 साली व्हॉयेजर यानांतून अवकाशात गेलेली त्यांची भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. त्यात श्वास कुठे घेतला हे कान देऊन शोधावं लागतं. आवाज रुंद, भरदार, पण ढकललेला वाटत नाही. दमसासाची गोष्ट निघाली की त्यांचं नाव येतं ते रास्तच आहे.

पण केवळ लांब श्वास म्हणजे दमसास असं धरलं तर कुमार गंधर्वांचं काय करायचं? बी. आर. देवधरांचा हा शिष्य ऐन तारुण्यात क्षयाने अंथरुणाला खिळला. 1948 मध्ये हवापालटासाठी देवासला गेला आणि काही वर्षं त्याला गाणं बंद होतं. परतला तो एका फुप्फुसाच्या बळावर. त्यानंतरच्या गाण्यात छोटे, टोकदार स्वरवाक्यांश आहेत, मधे विराम आहेत, अचानक उसळून वर जाणारा आणि लगेच विरणारा तार षड्ज आहे. त्यांनी श्वासाची उणीव लपवली नाही. श्वास घेण्याच्या जागा रागाच्या मांडणीतच बसवून टाकल्या. त्यांच्या नकला करणारे मात्र दोन्ही फुप्फुसं शाबूत असताना धाप लागल्यासारखे गातात, हा भाग वेगळा.

विलंबित ख्यालात हा जागांचा प्रश्न रोजचाच असतो. एकतालाच्या 12 मात्रा, एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची, म्हणजे एक आवर्तन पाऊण ते एक मिनिटाचं. एवढं कुणीही एका दमात गात नाही. श्वास चार-पाचदा घ्यावाच लागतो. नवखा विद्यार्थी आवर्तनभर उधळपट्टी करतो, दहाव्या-अकराव्या मात्रेला मुखडा समोर दिसताच घाबरतो, खांदे उचलून हपापल्यासारखी हवा ओढतो आणि समेवर आदळतो. त्याला सम चुकण्याची भीती असते, आणि ती भीती प्रथम मानेत दिसते. शार्ङ्गदेवाच्या यादीत भीत नावाचाही एक दोष आहे.

यावर जाणते शिक्षक श्वासाचे धडे देत बसत नाहीत. ते आलापातला शेवटचा एक स्वर काढून टाकायला सांगतात. मुखड्याच्या आधी रिकामी जागा राहते, तानपुरा ऐकू येतो, तोंड किंचित उघडं असतं आणि हवा ओढावी न लागता आत येते. काही विद्यार्थ्यांना तो स्वर सोडवत नाही. त्यांना वाटतं, आपला आलाप अपुरा राहिला. मग पुढचे काही आठवडे गुरू आणि शिष्य त्या एका स्वरावरूनच भांडत राहतात.