मार्कंड्याच्या काठी शिल्लक दिवसांचा हिशेब

मूल गाव मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची मोकळी शेते लागतात. मार्गशीर्षात कापणी आटोपलेली असते आणि बांधांवर धानाचे पुंजणे रचून ठेवलेले दिसतात. पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा संपून गडचिरोली जिल्हा सुरू होतो. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा हे लहानसे गाव याच नदीच्या काठी वसले आहे. एरवी दक्षिणेकडे वाहत जाणारी वैनगंगा येथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. अशा वळणावर तीर्थ वसावे ही आपल्या देशाची जुनी रीत. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. आम्ही गेलो तो दिवस मात्र साधाच होता. घाटावर दोन-चार माणसे, वाळूत उलटी घातलेली एक होडी आणि कोवळे ऊन, एवढेच काय ते होते.

आम्ही म्हणजे आई, मी, माझी पत्नी आणि दोन मुले. हा प्रवास बाबूजींनी घेऊन ठेवलेल्या दिवसांवर घडला, म्हणून त्या दिवसांची हकीकत आधी सांगितली पाहिजे. ती सांगण्यासारखी आहे, कारण आपल्या समाजातील पुष्कळ घरांच्या कपाटांत तशी कागदपत्रे पडून असतील.

सुमारे वीस वर्षांपूर्वी नागपूरच्या एका हॉटेलात भोजनाचे निमंत्रण देऊन बाबूजींना टाइमशेअरचे सभासदत्व विकण्यात आले. कल्पना परदेशातील. १९६० च्या दशकात फ्रान्समधील आल्प्स पर्वतात ती रुजली. एका खोलीचे वर्षातील बावन्न आठवडे निरनिराळ्या कुटुंबांना विकायचे, प्रत्येकाने आपल्या आठवड्यात येऊन राहायचे. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय ही संस्था निघाली आणि एका ठिकाणचा आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा घेण्याची सोय झाली. भारतात १९८६ साली स्टर्लिंग आणि १९९६ साली महिंद्र हॉलिडेज या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. मध्यमवर्गाला आणि व्यापारी कुटुंबांना ही कल्पना भावली. बंगला बांधण्यापेक्षा बंगल्याचा वाटा घेणे स्वस्त, आणि परिग्रहाच्या दृष्टीनेही बरे, असे बाबूजी म्हणत.

बाबूजी पक्के व्यापारी. त्यांनी ऐन हंगामाचे महाग सभासदत्व न घेता पावसाळी हंगामाचे घेतले, कारण ते जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत होते. सौदा उत्तम झाला असे त्यांना वाटले. घरी आल्यावर आईने एकच प्रश्न विचारला, "पण चातुर्मासात आपण जाणार कुठे?" आमच्या घरी आषाढी चौदस ते कार्तिकी पौर्णिमा विनाकारण प्रवास होत नाही. गावात साधू-साध्वींचे चातुर्मास असतात, व्याख्याने असतात, मग पर्युषण येते. पावसाळ्यातील जीवोत्पत्तीमुळे हिंडणे-फिरणे कमी करावे, हा संस्कार आहेच. म्हणजे जो माल स्वस्त मिळाला, तो आमच्या घरात खपणाराच नव्हता.

तरीही बाबूजी नाराज झाले नाहीत. न वापरलेले दिवस पुढील वर्षी ओढता येत होते. दुकानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर ते दर वर्षी नोंद करीत : अमुक दिवस जमा, अमुक शिल्लक. एकदा शिल्लक एकवीस दिवसांवर गेली, तेव्हा बँकेतील ठेव सांगावी तशा समाधानाने त्यांनी ती आम्हांला सांगितली होती. प्रवासाचा विषय निघाला की "पुढल्या वर्षी" हे त्यांचे ठरलेले उत्तर. करारात ओढण्याला मर्यादा होती, हे बारीक अक्षरांतले कलम आम्ही कोणी वाचलेच नव्हते. जुने दिवस मागून गळत होते, नवे पुढून भरत होते आणि वार्षिक शुल्क मात्र नियमाने जात होते. चार वर्षांपूर्वी बाबूजी गेले. सभासदत्व आईच्या नावावर झाले तेव्हा कळले की इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः वापरलेले दिवस अवघे पाच होते.

त्यानंतर मी तो करार दुकानाच्या कागदासारखा वाचला. आपल्या वाचकांना उपयोग व्हावा म्हणून त्याचे गणित मांडतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा सभासदत्व चार लाखांचे, मुदत पंचवीस वर्षे, दर वर्षी सात रात्री आणि वार्षिक शुल्क वीस हजार. विकणारा चार लाखांना एकशे पंचाहत्तर रात्रींनी भागून दाखवतो आणि रात्रीला सुमारे २,२८६ रुपये पडतात असे सांगतो. आपण तसा हिशेब करू नये. चार लाखांवर आठ टक्क्यांनी वर्षाला ३२,००० रुपये व्याज बुडाले. त्यात शुल्क मिळवले की वर्षाचा खर्च ५२,०००. सातही रात्री वापरल्या तर रात्र सुमारे ७,४२९ रुपयांना पडली. चारच वापरल्या तर १३,००० रुपयांना. एकही वापरली नाही तरी ५२,००० गेलेच. शिवाय पंचवीस वर्षांनी मुद्दल परत येत नाही, ते या हिशेबात धरलेलेच नाही. तेव्हा टाइमशेअर स्वस्त की महाग, हे खरेदीच्या दिवशी ठरत नाही. ते वापरण्यावर ठरते.

वापर वाढवण्याचा मार्ग म्हणजे अदलाबदल. हा व्यवहार आपल्याला परका नाही, आपल्या पूर्वजांच्या हुंडीचाच तो भाऊबंद आहे. आपला आठवडा विनिमय संस्थेकडे जमा करायचा, आणि त्याच्या पतीवर दुसऱ्याने जमा केलेला दुसऱ्या गावचा आठवडा उचलायचा. मधल्या शुल्काला हुंडणावळ म्हणावे. आपल्या आठवड्याची पत चार गोष्टींवर ठरते : ठिकाणाला मागणी किती, हंगाम कोणता, खोलीत माणसे किती राहू शकतात आणि आपण तो किती आधी जमा केला. जो आठवडा आपण वापरणार नाही हे ठाऊक आहे, तो वर्षाच्या आरंभीच जमा करावा. शेवटच्या महिन्यात जमा केलेल्या आठवड्याला भाव येत नाही, कारण तो घेणाऱ्याला तयारीला वेळच उरत नाही.

गुणांची पद्धत याहून सोयीची. तीत आठवड्याचे गुणांत रूपांतर होते आणि गुण मोडता येतात, दोन वर्षांचे जोडता येतात, काही करारांत पुढील वर्षाचे उसनेही घेता येतात. शनिवार-रविवार टाळले, लहान खोली घेतली, तर तेवढ्याच गुणांत अधिक रात्री मिळतात. दुकान सोडून सलग सात दिवस जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी तीन आणि चार रात्रींच्या दोन फेऱ्या कराव्यात. प्रत्येक करार वेगळा असतो, म्हणून ओढण्याची मर्यादा, गुण कालबाह्य होण्याची तारीख आणि वारसाच्या नावे करण्याचे शुल्क ही तीन कलमे आधी वाचावीत.

आमच्या बाबतीत पावसाळी दिवसांचे गुण कमी होते, पण दोन वर्षांचे जोडल्यावर ताडोबाच्या जंगलाजवळ, मोहर्लीच्या बाजूला, मार्गशीर्षातील चार रात्री मिळाल्या. हा काळ आपल्या घरांसाठी उत्तम. दिवाळी आणि मे महिन्यात सारा देश बाहेर पडतो व गुणही जास्त जातात. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, दिवाळीनंतरची दुकानातील गर्दी ओसरलेली असते, आणि नाताळची सुट्टी अजून लागलेली नसते. त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत खोल्या मिळतात. आम्ही स्वयंपाकघर असलेलीच खोली मागितली होती. कंदमुळाविना आणि सूर्यास्तापूर्वी जेवण हवे असलेल्या कुटुंबाला याहून मोठी सोय नाही. आईने घरून खाखरे, डाळ-तांदूळ आणि पाणी गाळण्याचे गरणे सोबत घेतले होते.

पहिल्या दिवशी आम्ही भद्रावतीला गेलो. चंद्रपूर-नागपूर रस्त्यावरील या गावाला जुने लोक भांदक म्हणतात. येथील केशरिया पार्श्वनाथ प्रभूंची प्रतिमा विसाव्या शतकाच्या आरंभी जंगलात पुन्हा प्रकाशात आली आणि स्वप्नातील दृष्टांताच्या कथेमुळे प्रभूंना स्वप्नदेव हे नाव पडले. भव्य मंदिर, शांत परिसर, धर्मशाळा, भोजनशाळा. आईने पूजा केली. भोजनशाळेत पंगतीत बसल्यावर ती म्हणाली, "तुझ्या कंपनीने आज शोधलेली युक्ती ही. एकाने खोली बांधायची, आणि कोणत्याही गावच्या साधर्मिकाने येऊन राहायचे. फक्त येथे कोणी शिल्लक मोजत नाही." मी निरुत्तर झालो. भिंतीवरच्या संगमरवरी फलकांवर दात्यांची नावे होती. त्यांतील कितीजण त्या खोलीत कधी राहिले असतील?

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलांना घेऊन ताडोबाचा फेरा केला. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे अरण्य महाराष्ट्रातील सर्वांत जुने. वाघ दिसला नाही. चितळ, गवे आणि तळ्याकाठची मगर दिसली. मुलांची थोडी निराशा झाली, पण जंगलाने आपल्या सोयीने दर्शन द्यावे असा करार कोठेच होत नाही.

तिसऱ्या दिवशी मार्कंड्याला आलो. १८७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम येथे आले होते आणि त्यांनी या मंदिरसमूहाचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. विदर्भाचे खजुराहो म्हणून ज्याची ख्याती, ते हे स्थान. मुख्य मंदिराच्या बाह्य भिंतींवर देव-देवता, नर्तकी, हत्ती, सिंह यांच्या रांगांवर रांगा आहेत. वाळूच्या दगडावर काळाने हात फिरवला आहे, कोठे चेहरा पुसला आहे, कोठे हात तुटला आहे, पण उभे राहण्यातला डौल तसाच आहे. हे कोरणाऱ्या शिल्पकारांनी किती वर्षे या काठावर घालवली असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

स्थानाला नाव मिळाले ते मार्कंडेय ऋषींवरून. त्यांना सोळाच वर्षांचे आयुष्य होते. मृत्यू आला तेव्हा त्यांनी शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाचा पाश मागे फिरला, अशी ती कथा. मोठ्या मुलाने ती ऐकून आजीला विचारले, "आजी, आपल्यात असे कोणाचे आयुष्य वाढले होते का?"

आई म्हणाली, "प्रभू महावीर पावापुरीत निर्वाणाला निघाले, तेव्हा इंद्राने विनंती केली होती. भस्मग्रह येतो आहे, एक क्षण थांबावे. प्रभू म्हणाले, आयुष्याचा क्षण वाढवणे कोणाच्याही हाती नाही. पूर्वी नव्हते, पुढे असणार नाही."

मुलाने क्षणभर विचार केला आणि विचारले, "देवालासुद्धा पुढे ओढता येत नाही?"

'पुढे ओढणे' हा शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला होता. गेला महिनाभर घरात त्याचीच चर्चा होती. आईने माझ्याकडे पाहिले नाही. मला मात्र वहीचे ते शेवटचे पान आठवले, एकवीस दिवस शिल्लक, खाली बाबूजींची वळणदार सही. त्यांनी आयुष्यभर पैसा योग्य जागी लावला. दिवसही पैशासारखेच साठतात, एवढी एकच चूक त्यांच्याकडून झाली. आसक्ती हाच परिग्रह, असे आपले शास्त्र सांगते. न वापरलेल्या दिवसांचीही आसक्ती असते, हे मला त्या काठावर कळले.

आईने ऊन पाहिले, कोरडी, स्वच्छ, हिरवळ नसलेली जागा शोधली आणि कटासणे अंथरले. पिशवीतून मुहपत्ती आणि वाळूची घटिका काढली. "मी सामायिक करते. तुम्ही हवे तर फिरून या," म्हणाली.

आम्ही गेलो नाही. सामायिक म्हणजे दोन घटिका, अठ्ठेचाळीस मिनिटे. त्या वेळात जागा सोडायची नाही, हिशेब करायचा नाही, राग-द्वेषाला थारा द्यायचा नाही. मीही दुकानाचा फोन बंद करून पायरीवर बसलो. मुले वाळूत घरे बांधत होती. नदी उत्तरेकडे वाहत होती. घटिकेतली वाळू सरून गेली, तेव्हा आईने सामायिक पारली, कटासणे झटकून घडी केले आणि विचारले, "किती दिवस उरले आपले?"

"एक रात्र आजची. आणि पुढल्या वर्षाच्या सात."

"मग पुढल्या वर्षाच्या आताच ठरवून टाक," ती म्हणाली. "शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाऊ. जवळ खोली मिळाली तर ठीक, नाहीतर धर्मशाळा आहेच."

त्या रात्री मी वहीचे ते पान काढले. शिल्लक या शब्दाखाली शून्य लिहिले आणि तारीख घातली. आमच्या दुकानात शून्य शिल्लक लिहिताना हात नेहमी जड होतो. या वेळी तो झाला नाही.