चतुर्भुज

नाव थोर इटालियन चित्रकाराचं, जन्म कॅलिफोर्नियातला आणि बाळकडू अमेरिकन लष्कराच्या पैशावर चाललेल्या संशोधनाचं. जखमी सैनिक रणांगणावर, सर्जन दूर सुरक्षित जागी, अशी मूळ कल्पना. रणांगण राहिलं बाजूला. २००० साली परवाना मिळाला आणि दा विंची इस्पितळात रुजू झाला.

त्याला रोबो म्हणतात खरे, पण इतका परावलंबी गडी शोधून सापडायचा नाही. हात चार, पण स्वतःच्या मनानं एक टाका घालेल तर शपथ. सर्जन चार पावलांवर कन्सोलमध्ये डोकं खुपसून बसलेला असतो. पेडल पायाला नीट लागावेत म्हणून कित्येक सर्जन बूट काढूनच बसतात. सर्जननं डोकं बाहेर काढलं, की हे चारही हात असतील तिथं थबकतात. कात्री अर्धवट उघडी असेल तर तशीच अर्धवट उघडी.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या विद्यापीठ रुग्णालयात व्हान हिलेगर्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ पासून त्याला अन्ननलिकेच्या कॅन्सरवर कामाला लावलं. जागा महा अवघड. पुढे श्वासनलिका आणि हृदय, मागे पाठीचा कणा, शेजारी महाधमनी. अन्ननलिका आयुष्यभर या दाटीवाटीतच नांदते. शिवाय पेशंट आता थेट ऑपरेशनला येत नाही. डच डॉक्टरांच्या ‘क्रॉस’ चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली आले: नुसतं ऑपरेशन केलेल्या गटातले निम्मे पेशंट दोन वर्षांत दगावले होते, आधी केमो आणि रेडिएशन दिलेल्या गटात तोच टप्पा यायला चार वर्षं लागली. तेव्हापासून पाच आठवडे दर आठवड्याला केमो, सोबत रेडिएशनचे २३ डोस, मग सहा-आठ आठवडे थांबायचं आणि नंतर ऑपरेशन, हा क्रम बसला. गाठ आक्रसते हे चांगलंच, पण एरवी सुटे असणारे पदर एकमेकांना धरून बसतात. पावसात भिजून वाळलेल्या वहीची पानं सोडवावीत, तसे ते सोडवावे लागतात. घाई केली की फाटलंच.

इथं आपल्या या गड्याची कळी खुलते. फासळ्यांमधून आत गेलेलं जेमतेम आठ मिलिमीटर जाडीचं हत्यार टोकाशी मनगटासारखं वळतं, आणि खरं मनगट वळणार नाही तिथंही वळतं. सर्जनचा हात थरथरला तर ती थरथर तो मध्येच गाळून टाकतो. उजवं फुप्फुस मिटवून ठेवलेलं, पडद्यावर सगळं दहापट मोठं दिसतंय, आणि श्वासनलिकेच्या कडेनं आवाजाची नस दोऱ्यासारखी वर चाललेली. तिच्या अंगालगतच्या लसिकाग्रंथी काढायच्या असतात. ओढ जरा जास्त बसली की पेशंटचा आवाज गेलाच. त्यामुळे एक हात आसपासचं मांस बाजूला धरून बसतो, अजिबात न कंटाळता. माणूस असिस्टंट असता तर एव्हाना दोनदा पाय बदलून उभा राहिला असता.

पण स्पर्शाचं त्याला काही कळत नाही. ऊती मऊ आहे की चिवट, दोरा ताणला जातोय की तुटायला आलाय, हे सर्जनला फक्त डोळ्यांनी ओळखावं लागतं. २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या धाकट्या भावाला थोडी जाण आहे म्हणतात. दुसरा दोष स्वभावाचा. प्रत्येक हत्यार किती वेळा वापरलं याचा हिशेब हा ठेवतो, आणि ठरलेला आकडा गाठला की तेच हत्यार चांगल्या धारेचं असलं तरी हातात घ्यायला साफ नकार देतो. बिल कुणाच्या माथी बसतं, ते सांगायला नको.

आपल्याकडे या कॅन्सरची गाठ बऱ्याचदा अन्ननलिकेच्या मधल्या भागात, श्वासनलिकेला खेटून असते; तंबाखू आणि मशेरीचा त्यात मोठा वाटा. म्हणजे रोबोचं बारीक हाताचं काम इथंच जास्त लागतं आणि खर्चही इथंच जास्त टोचतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तो आहे. तालुक्याच्या गावी तो येईल अशी आशा मी तरी धरत नाही.

अन्ननलिका काढून झाली, की जठराची नळी करून ती छातीतून मानेपर्यंत ओढून घ्यायची आणि वरच्या तुकड्याला जोडायची, हा शेवटचा अंक. तो जोड धरेल की गळेल हे नळीच्या रक्तपुरवठ्यावर ठरतं आणि तिथं याची हुशारी फारशी चालत नाही. उट्रेख्तच्या डॉक्टरांनी छाती उघडून केलेल्या ऑपरेशनशी त्याची तुलना करणारी चाचणी घेतली; कॅन्सर परत येण्याच्या बाबतीत तीतही त्याची सरशी झाली नाही. पण ११२ पेशंटच्या त्याच चाचणीत छाती उघडून केलेल्या ऑपरेशननंतर ८० टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, याच्या हातून झालेल्यांपैकी ५९ टक्क्यांना. फासळ्या फाकवल्या नसल्या की दुखणं कमी, आणि दुखणं कमी असलं की फिजिओथेरपिस्टनं ‘खोका, अजून जोरात खोका’ म्हटल्यावर पेशंट खरोखर खोकतो आणि छातीतला कफ बाहेर पडतो.